मी गेल्यावर लॅपटॉप बंद पडला तर

झुल्मिरा मावशी, आधी प्लग बघ.
हसू नकोस. मंगळवारी अर्धी दुपार
तू त्याला शिव्या घालत होतीस, आणि भिंतीवरचं बटण
बर्फाच्या पेटीची वायर लावताना तूच बंद केलेलं.
काखेतला कळसा तो हाच.

प्लग ठीक आहे, तरी उठत नाही?
मग चार्जर काढ, पालथा घाल, बॅटरी सोडव.
दोन खटके आहेत, त्यातला एक हट्टी.
खवल्यांच्या सुरीने नाही, नखाने.
आता चालू करायचं बटण दाबून धर
आणि तीसपर्यंत मोज. मोठ्याने.
मनात मोजताना तू विसावरून थेट तिसावर उतरतेस,
पेट्या मोजतानाही उतरतेस,
म्हणून तर संस्थेच्या वहीत ट्यूना कमी भरतो.
आत साठून राहिलेली वीज निघून जाते म्हणे.
ती कुठे जाते, मलाही माहीत नाही.
पण दहातल्या सहा वेळा एवढ्यावर भागतं,
सुंठीवाचून खोकला जातो.

तापून बंद पडला, तर पंखा.
जानेवारीत सहारा समुद्र ओलांडून मिंदेलोत येतो,
वाळत घातलेल्या चादरींवर, कॉफीवर,
संत अंतोनिओच्या नाकपुडीत बसतो,
पंख्यात का नाही बसणार?
तळाला नऊ स्क्रू. नववा रबराच्या पायाखाली लपलाय.
काढशील त्या क्रमाने बशीत मांड
आणि त्याआधी मांजराला बाहेर काढ.
पंख्यात काडी अडकव, दातांच्या जुन्या ब्रशने झाड.
फुंकू नकोस.
तुझ्या फुंकरीत थुंकी असते, मावशी,
आणि इथल्या हवेत आधीच पुरेसं मीठ आहे.

चालू होताना तीनदा पीप करून गप्प झाला,
तर हेच मीठ मेमरीच्या पट्टीवर चढलंय.
हिरवी, बोटाएवढी. तिचे सोनेरी दात
शाळकरी खोडरबराने पूस,
माझी शुद्धलेखनं पुसायचीस तितक्याच रागाने,
आणि परत बसव.
खट् वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर नाही बसली.

आरचं बटण चिकटतं, दोनदा उमटतं.
तो माझा गुन्हा, नाताळात उसाची दारू मीच सांडली.
त्याला उपाय नाही. सवय कर.

कधी पंखा फिरतो, आवाज येतो,
पण पडदा काळा.
गेला म्हणून रडत बसू नकोस.
खिडकी लाव, दिवा घालव,
मोबाइलचा टॉर्च तिरका धर, अगदी जवळून.
चित्र आत असतंच, फिकट,
गोदीतल्या पाण्याखाली नांगर दिसतो तसं.
मागचा उजेड तेवढा गेलेला असतो.

परवा मी असाच बघत होतो.
नाण्याएवढ्या गोलात आधी एक आकडा आला,
मग माझं नाव, दोन आर असलेलं,
मग रोटरडॅम, तिकीट,
आणि खाली तुझ्या पगारातून
अठरा महिने, एकाखाली एक, कापलेले.
तू तर म्हणाली होतीस,
गिलेर्मे मामाने फ्रान्सहून पैसे धाडले.

टॉर्च मी खाली खाली नेत गेलो.
अठराही ओळी वाचल्या.
मग पडद्याची केबल काढून घट्ट बसवली.
उजेड आला तेव्हा तू कॉफी घेऊन दारात,
"झाला?"
झाला, म्हटलं. केबल ढिली होती.

शुक्रवारी विमान.
हा कागद बर्फाच्या दरपत्रकाखाली चिकटवतोय,
तिथे तू दिवसातून दहादा बघतेस.
एवढं सगळं करूनही नाहीच चालला, तर फोन कर.
रात्री कर, अपरात्री कर.
मी आधी विचारीन, प्लग बघितलास का?

या वेळी खरं सांग.